पेटीत राणी आहे का?

सविता गांगुर्डेला एक खोड होती. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे, हे पिशवी न उघडता ओळखायची. वजनावरून, हलवल्यावर होणाऱ्या आवाजावरून, कधी नुसत्या वासावरून. घरोघर सामान पोचवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या वस्तूची चौकशी करू नये, हा या धंद्यातला पहिला नियम. तो ती पाळायची. तोंडाने विचारायची नाही. पण मनातल्या मनात ताडत बसायला कोणाची परवानगी लागते? संध्याकाळी सातपूरच्या घरी आली की चप्पल काढायच्या आधी नवऱ्याला सांगायची, "अहो, आज एक खोकं होतं, एवढंच, पण दगडासारखं जड. आणि आत काहीतरी घरंगळत होतं. सांगा बघू काय असेल?"

दिनेश कारखान्यात फिटर. तोही तिच्याच वळणाचा. हातातला चहा तसाच ठेवून विचार करायचा. "बेअरिंगच्या गोळ्या?" कधी कळायचं, बहुतेक वेळा नाही.

तिची गाडी म्हणजे दिनेशचीच करणी. सविता नऊ वर्षं एका कंपनीत पॅकिंगला होती. ते काम सुटल्यावर बचत गटाचे मसाले आणि पापड पायी पोचवायला लागली, तेव्हा चार महिन्यांत तिच्या टाचा गेल्या. दिनेशने भंगारातून एक जुनी आइसक्रीमची तीनचाकी सायकल आणली. पुढे दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये पेटी, मागे एक चाक आणि सीट. त्याने गंजलेली पेटी काढून पत्र्याची नवी बसवली, वर बिजागरीचं झाकण केलं, मागच्या चाकात एक जुनी मोटर घातली आणि सीटखाली प्लास्टिकच्या डब्यात बॅटरी. चढावर मोटर लावायची, सपाटीला पाय मारायचे. धो धो पावसात मोटर बंद, कारण डब्याच्या झाकणावर दिनेशचा स्वतःचाच विश्वास नव्हता. गाडीला लोक मालाची सायकल म्हणायचे, पोरं मात्र अजून कुल्फी मागायची.

तीन पावसाळे तिने या गाडीवर काढले होते. दोन गोणपाटं शिवून केलेली खोळ डोक्यावरून घ्यायची, साडी गुडघ्यापर्यंत खोचायची आणि निघायचं. रेनकोट तिला सोसत नसे, आत घामाने भिजायला होतं म्हणायची.

ही गोष्ट तिसऱ्या पावसाळ्यातली, आषाढाच्या शेवटच्या आठवड्यातली. शनिवार होता. पहाटेपासून पाऊस एका लयीत पडत होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, गोदावरी चढत होती. सविताने सकाळची दोन पार्सलं पोचवली आणि आता घरी जावं म्हणत होती, तेवढ्यात इंदिरानगरमधून फोन आला.

"सविताताई? मी खंडेराव बोलतोय. मागे तुम्ही माझी कुंड्यांची माती आणून दिली होती."

आवाज मोठा, जवळजवळ ओरडल्यासारखा. तिला आठवलं. कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते ते, आता निवृत्त. एकटेच राहायचे. कानाला यंत्र.

"एक पेटी मखमलाबादला न्यायची आहे. आजच. टेम्पोवाला आला होता, आत काय आहे ऐकल्यावर परत गेला."

"काय आहे आत, काका?" नियम मोडून तिने विचारलंच.

"ते तुम्ही येऊन ओळखा," खंडेराव म्हणाले. फोन ठेवला.

आता कसली सविता घरी जाते!

सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर गच्चीत, पत्र्याच्या आडोशाला, चार पायांच्या स्टुलावर एक लाकडी पेटी होती. साधारण देवघराएवढी. खालच्या बाजूला बोटभर उंचीची फट आणि फटीला तारेची बारीक जाळी ठोकलेली.

"कान लावा," खंडेराव म्हणाले.

तिने लावला. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता, तरी लाकडातून काहीतरी येत होतं. आवाज म्हणण्यापेक्षा थरथर. दुसऱ्या कोणाच्या छातीला कान लावावा तसं. मग मधाचा आणि मेणाचा उबदार वास नाकात शिरला आणि ती चटकन मागे झाली.

"माश्या!"

"सातेरी. आपली देशी मधमाशी. स्वभावाने गरीब आहे, उगाच चावत नाही. अकरा वर्षं सांभाळतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोसायटीत दोघांना डेंग्यू झाला होता. उद्या सकाळी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत धूर फवारणार होते. डासांसाठीच, पण माशी काय आणि डास काय, धुराला दोन्ही सारखे. आणि हे निमित्त झाल्यावर बैठकीत ठरलंच होतं की पेटी आता कायमची हलवावी. मखमलाबादला धोंडाबाई नावाची एक शेतकरीण होती. पूर्वी खंडेरावांच्या दारावर भाजी घेऊन यायची. तिच्या कारल्याच्या मांडवात फुलं भरपूर येत होती, पण फळ धरत नव्हतं. तिने पेटी ठेवून घ्यायला होकार दिला होता.

"पण एवढ्या पावसात?" सविता म्हणाली.

"पावसातच. ऊन असतं तर अर्ध्या माश्या बाहेर असत्या. त्या संध्याकाळी परत येणार, पेटी जागेवर नाही, मग बसतील इथेच घोंघावत. आज एकही बाहेर पडलेली नाही. सगळं घर घरात आहे." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "म्हणजे, एक सोडून. ती आहे का नाही, मला माहीत नाही."

"कोण?"

"राणी."

खंडेरावांनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती, थंडीने नव्हे. चार दिवसांपूर्वी पाऊस तासभर थांबला होता. तेव्हा त्यांनी पेटी उघडली, पोळ्याची एक चौकट उचलली आणि ती त्यांच्या हातातून निसटली. खाली पडली. काही माश्या चिरडल्या. तेवढ्यात पाऊस पुन्हा आला, म्हणून त्यांनी घाईने चौकट आत सरकवली आणि झाकण लावलं. चिरडलेल्यांत राणी होती का, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही. त्यानंतर पावसाने पेटी उघडूच दिली नव्हती.

"राणी नसेल तर काय होतं?"

"अंडी थांबतात. कामकरी माशी दीड-दोन महिने जगते. मग संपलं."

"उघडल्याशिवाय कळायचा काही मार्ग?"

खंडेरावांनी बोटाच्या पेराने पेटीवर दोनदा टकटक केली. "असं वाजवायचं. राणी असली की माश्या एकदम हूं करतात आणि लगेच गप्प होतात. नसली की आवाज लांबतो. कण्हल्यासारखा. अकरा वर्षं मी हेच ऐकून ओळखत आलो." त्यांनी कानातल्या यंत्राला हात लावला. "यातून माणसं ऐकू येतात, ताई. माश्या नाही ऐकू येत. तुम्ही ऐका, आणि मला सांगा."

सविताने लगेच टकटक करून पाहिलं. पण पत्र्यावरचा पाऊस इतका होता की हूं केलं की कण्हलं, कोणाच्या बापाला कळणार? "वाटेत कुठे शांत जागा मिळाली की ऐकते," ती म्हणाली.

पेटी पंधरा किलोच्या आसपास होती. दोघांनी मिळून लिफ्टने खाली आणली. खंडेरावांनी तीन गोष्टी बजावल्या. आतल्या चौकटी गाडीच्या दिशेला समांतर राहायला हव्यात, नाहीतर प्रत्येक धक्क्याला पोळी एकमेकांवर आपटतील. वर प्लास्टिक टाकायचं नाही, जीव गुदमरतील. आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही.

शेवटच्या दोन गोष्टींचं भांडण होतं. पाऊस अडवायचा तर हवा अडते, हवा सोडायची तर पाऊस शिरतो. सविताने क्षणभर विचार केला आणि अंगावरची गोणपाटाची खोळ उतरवली. गोणपाटातून वारा खेळतो आणि चांगलं भिजलं की पाणी कडेने ओघळून जातं. तिने माश्यांची पेटी गाडीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, वरचं झाकण अर्धं उघडं ठेवून दोरीने बांधलं, त्यावर खोळीचा उतार केला आणि स्वतः तशीच पावसात निघाली. खंडेराव गेटपर्यंत आले. छत्री हातात होती, पण उघडायची राहून गेली होती.

इंदिरानगरच्या बोगद्यात गुडघाभर पाणी आहे असं रिक्षावाले सांगत होते, म्हणून ती हायवेच्या कडेच्या रस्त्याने मुंबई नाक्याकडे वळली. रोज ती खड्डे मागच्या चाकाने ओळखायची. आज पुढच्या दोन चाकांनी ओळखू लागली. पाण्याखाली खड्डा कुठे असेल, हे पाण्याच्या रंगावरून कळतं. उथळ पाणी चहासारखं दिसतं, खोल पाणी काळपट. पूर्वी ती हे गाडी वाचवायला बघत होती. आता तिला दर धक्क्याला वाटत होतं, आत कोणाचं तरी घर हलतंय.

त्र्यंबक नाका, सीबीएस, अशोकस्तंभ. सिग्नलला थांबली की ती वाकून कान द्यायची, तर मागून हॉर्न. रामवाडी पुलाकडे झाड पडलंय असं पोलिसाने हात हलवून सांगितलं. मग रविवार कारंज्याच्या बाजूने होळकर पुलावर आली. पुलावर पूर बघायला ही गर्दी. "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का?" "कमरेच्या वर गेलं!" सगळे कठड्यावरून खाली वाकलेले. सविताही एरवी वाकली असती, पूर बघायची हौस तिला कोणापेक्षा कमी नव्हती. पण आज ती मान न वळवता गर्दीतून घंटी वाजवत निघून गेली. पूल उतरताना एका चाकाखाली उखडलेल्या फरशीची कड आली आणि गाडी आपटली. पेटीतून मोठा, रागावल्यासारखा आवाज आला.

पंचवटीतल्या गल्लीत दुकानं बंद होती. खालच्या बाजूला पाणी शिरलं होतं, माणसं सामान वर हलवून घरात बसली होती. एका जुन्या धर्मशाळेची दगडी देवडी उघडी दिसली. सविताने गाडी तशीच आत घातली. भिंती हातभर जाड. पावसाचा आवाज एकदम बाहेर राहिला.

आत लंकाबाई बसली होती. घाटावर फुलं विकायची, सविता तिला तोंडओळखीने ओळखत होती. समोर झेंडूची पाटी, भिजलेली, गिऱ्हाईक नाही.

"काय आणलंस ग?" लंकाबाई म्हणाली.

"माश्या. मधाच्या."

"अगं बाई!" लंकाबाईने पाटी जवळ ओढली, पण उठली नाही.

खोळ वर केली तेव्हा सविताला दिसलं की जाळीचा एक कोपरा सुटला होता. सहा-सात माश्या बाहेर येऊन लाकडाला चिकटल्या होत्या, भिजून काळ्या पडलेल्या. तिने बोट लावलं तर तिघी खाली पडल्या, पाय वर करून. मेल्या. तिने त्या उचलून तळव्यावर घेतल्या. फेकून द्यायच्या म्हणून नव्हे, नीट बघायच्या म्हणून. इतक्या जवळून तिने मधमाशी कधी पाहिली नव्हती. अंगावर लव, पोटावर पट्टे. वाकून बघताना तिचा श्वास त्यांच्यावर पडत होता. आणि एकीचा पाय हलला.

"लंकाबाई, ही बघ!"

तिने दोन्ही हातांची ओंजळ मिटली आणि आत तोंडाने वाफ सोडली, लहानपणी थंडीत सोडायची तशी. मोजून पंचवीस-तीस वेळा. ओंजळ उघडली तर तिघी चालत होत्या. एक पंख पुसत होती. मेल्या नव्हत्याच, गारठल्या होत्या.

जाळीपाशी नेल्या तर आतल्या माश्या जाळीला येऊन भिडल्या. सविताने कोपरा जरासा उचलला, एकेकीला आत सोडलं आणि जाळी पुन्हा दाबताना करंगळीला सुई टोचल्यासारखं झालं. "आई ग!" नांगी. तिने ती नखाने खरवडून काढली, पदराची सेफ्टी पिन काढून जाळीचा कोपरा पक्का केला आणि मग शांत बसली. माश्यांना निवायला वेळ द्यायला हवा होता. दहा मिनिटं दोघी बायका पेटीकडे बघत होत्या.

मग सविताने कान लावला आणि बोटाने दोनदा वाजवलं.

हूं.

आणि ते थांबलं नाही. खाली गेलं, पुन्हा वर आलं, लांबत गेलं. दूर कुठेतरी कोणी एकसुरात काही म्हणत असावं तसं. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"मला ऐकू दे," म्हणत लंकाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. भीती कुठल्या कुठे गेली होती. तिने कान लावला, डोळे मिटले. "हे तर रडणं हाय ग. घरातलं मोठं माणूस गेल्यावर बाया रडत्यात ना, शेवटाला, आवाज बसल्यावर. तसं."

सविताने तिला राणीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मखमलाबादला पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच विचार होता. हे खंडेरावांना कसं सांगायचं? राणी आहे म्हणून सांगितलं तर म्हातारा आज सुखाने जेवेल. त्याच्या हातून चौकट पडली, हे त्याला आधीच खातंय. पण त्याने कान उसना मागितला होता. उसन्या दिलेल्या कानाने खोटं कसं सांगायचं?

धोंडाबाई मांडवाच्या तोंडाशी डोक्यावर खताची पिशवी पांघरून उभी होती. पासष्टीची, बारकी, आवाज खणखणीत. "इतका येळ? मला वाटलं माश्यांनी तुलाच उचलून न्हेली."

दोघींनी पेटी मांडवाला लागून असलेल्या पडवीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, विटांवर ठेवली. विटा पाण्याच्या चार डब्यांत उभ्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. ते धोंडाबाईने आधीच मांडून ठेवले होते. सविताने जाळी काढली. एक माशी दारात आली, पावसाकडे बघितलं आणि परत आत गेली.

"शानी हाय," धोंडाबाई म्हणाली.

सविताने तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर एकेक अक्षर शोधत लिहिलं. काका, पेटी नीट पोचली. शांत जागी वाजवून ऐकलं. आवाज लांबला. दोनदा ऐकला, लंकाबाईनेही ऐकला. रडल्यासारखा होता.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. बरं. एवढंच.

त्या संध्याकाळी सविताने दिनेशला काही ओळखायला लावलं नाही. सुजलेली करंगळी दाखवली आणि सगळं सांगितलं. दिनेशने शेवटी एकच विचारलं, "माश्या स्वतः दुसरी राणी का नाही करत?" सविता हसली. राणी काय करायची वस्तू आहे?

सकाळी खंडेरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा. "ताई, तुम्ही खरं सांगितलंत. आता एकच बघायचं. त्यांनी स्वतः काही केलंय का."

"म्हणजे राणी करतात?"

"करतात तर! राणीचं अंडं वेगळं नसतंच. साध्या अळीला वेगळं खाणं घालतात, मोठी खोली बांधून देतात, की तीच राणी होते. पण अळी अगदी कोवळी हवी. चौकट पडली त्या दिवशी आत कोवळ्या अळ्या होत्या, एवढं मला आठवतंय."

सविता फोन कानाला लावून स्वयंपाकघरातच उभी राहिली. साध्या अळीला. नुसत्या खाण्याने. तिने ते दिनेशला सांगितलं. "मी म्हटलं नव्हतं?" दिनेश म्हणाला. त्याला काहीही माहीत नव्हतं.

पेटी हलवल्यावर पाच दिवसांनी, गुरुवारी, पावसाने उघडीप दिली. सविताने फोन केला, खंडेराव तयारच होते. रिक्षात पाठ दुखते म्हणाले. "माश्या गेल्या तसा मीही जातो." सविताने पत्र्याच्या पेटीत गोधडी अंथरली आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे खंडेराव मांडी घालून पुढे बसले, डोक्यावर जाळीची टोपी. अशोकस्तंभावर माणसं वळून बघत होती. खंडेरावही प्रत्येकाकडे तितक्याच आवडीने बघत होते.

मांडवात पोचल्यावर मात्र ते पेटीसमोर नुसते उभे राहिले.

"उघडा ना, काका."

"तुम्ही उघडा. माझे हात बघताय ना."

"मला कुठे येतं?"

"तीनशे खड्ड्यांतून आणलीत. चौकट उचलणं त्याहून सोपं आहे. हळू, सरळ वर. श्वास त्यांच्यावर सोडू नका."

सविताने पहिली चौकट उचलली. मध, भरलेला. दुसरी. तिसऱ्या चौकटीला माश्यांचा घोस होता. तिने ती उजेडाकडे धरली. खालच्या कडेला, घोसातून, एक वेगळीच वस्तू लोंबत होती.

"काका, इथे काहीतरी आहे. बोटाच्या पेराएवढं. भुईमुगाची शेंग असते ना, तसं. तोंड खाली."

खंडेराव एवढं जवळ आले की टोपीची जाळी चौकटीला लागली. "तोंड बंद आहे का उघडं?"

"बंद. टोकाला मेण लावलंय. शेजारी अजून एक आहे, लहान."

"हलवू नका," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू निघाला होता. "अजिबात हलवू नका. तशीच ठेवा जागेवर."

झाकण लागल्यावर ते विटांच्या ढिगावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. धोंडाबाई काही वेळ त्यांच्याकडे बघत होती. "ल्हान पोरावानी रडता हो तुम्ही," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

काम अजून अर्धंच होतं. नवी राणी तीन-चार दिवसांत बाहेर येईल, खंडेरावांनी सांगितलं. मग आठवडाभरात तिला एकदा उडायला हवं, बाहेर, उंच, दुसऱ्या पोळ्यांतल्या नरांना भेटायला. एखादी दुपार कोरडी मिळाली तर जमेल. नाही मिळाली तर ती जन्मभर आत राहील आणि उपयोगाची अंडी घालू शकणार नाही. आणि आजूबाजूच्या झाडांत सातेरीची पोळी असायला हवीत, तेही आलं.

श्रावण लागला. सविताने आयुष्यात आभाळाकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं. पार्सल देताना गिऱ्हाइकाला विचारायची, "दुपारी तुमच्याकडे ऊन पडलं होतं का?" गंगापूर रोडला पडलेलं ऊन मखमलाबादला पडलं असेल का, याचा हिशोब लावत पाय मारायची. धोंडाबाईला फोन करायची, तर ती खेकसायची, "अगं, मी कारलं बघू का तुझं आभाळ?" पण दुसऱ्याच वाक्यात सांगायची, काल दोन ते तीन लख्ख पडलं होतं, आज नाय.

पेटी आणल्यापासून बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी धोंडाबाईचाच फोन आला. "बाई, तुझ्या माश्या पायाला काहीतरी पिवळं लावून येत्यात. समद्या. हळद लावल्यावानी."

खंडेरावांना तो निरोप लिहून पाठवला तर पाच मिनिटांत त्यांचा फोन. पराग आणताहेत म्हणजे पिल्लांना खाऊ लागतोय. पिल्लं आहेत म्हणजे अंडी. "पण बघितल्याशिवाय म्हणायचं नाही," ते म्हणाले.

या खेपेला सविताने न सांगता चौकट उचलली. शेंग कोरून रिकामी होती, टोकाला झाकणासारखी गोल चकती सुटून लोंबत होती. मधल्या चौकटीत तिने मोबाइलची बॅटरी तिरपी मारली. आधी काळोखी भोकंच दिसली. मग एका भोकाच्या तळाशी, मधोमध, काहीतरी उभं होतं. तांदळाच्या कणीचाही बारीक तुकडा. शेजारच्या भोकात एक. त्याच्या शेजारी एक. प्रत्येकात एकच, नेमकं मधोमध.

"आहेत," ती म्हणाली. "काका, सगळीकडे आहेत. एकही घर चुकलेलं नाही."

खंडेरावांनी भिंग काढलं, लावलं, बाजूला केलं. त्यांना दिसलं की नाही, कोणास ठाऊक. सविता एकेक रांग सांगत गेली आणि ते मान हलवत गेले. राणी मात्र दिसली नाही. तीनदा शोधूनही सापडली नाही. लाजाळू असते, खंडेराव म्हणाले.

पेटी बंद केल्यावर सविताने सवयीने बोटाने टकटक केली आणि कान लावला. हूं, आणि गप्प. तिने मान वर केली तर खंडेराव तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने त्यांचा हात धरला आणि पंजा लाकडावर पालथा ठेवला.

"आता वाजवते."

तिने वाजवलं. खंडेरावांची बोटं पसरली. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःच वाजवून पाहिलं. मग पुन्हा. दर वेळी भुवया वर जात होत्या.

कारली त्या वर्षी किती धरली, हे धोंडाबाई प्रत्येकाला वेगवेगळं सांगते, त्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पण भाद्रपदापासून आठवड्यातून दोनदा सविता तिच्याकडून क्रेट भरून पंचवटीच्या भाजीबाजारात आणू लागली, हे खरं. खंडेराव गुरुवारी गोधडीवर बसून येतात. त्यांनी सविताला चौकटी साफ करायला, साखरपाणी ठेवायला शिकवलं. दिनेशने गाडीच्या पुढच्या चाकांना स्कूटरचे जुने शॉकअप बसवले, म्हणाला, काकांच्या पाठीसाठी. पण माश्यांच्या पेटीच्या मापाच्या लाकडी पट्ट्या त्याने आत का ठोकल्या, हे सविताने विचारलं नाही.

परवा ती मांडवात उभी होती. सकाळचे नऊ वाजले असतील. फुलांवर माश्याच माश्या होत्या, आणि तासाभरात एकही राहिली नाही. फुलं तर तशीच उघडी. मग गेल्या कुठे? समोरच्या बांधाकडे? ओढ्यापलीकडे? तिने एक माशी नजरेत धरली आणि तिच्या मागे चार पावलं चालत गेली. माशी कुंपणावरून पलीकडे गेली. सविताने चप्पल हातात घेतली, पदर खोचला आणि तीही चिखलातून पलीकडे उतरली.

"अगं ए, क्रेट कोण भरणार?" मागून धोंडाबाई ओरडत होती.